घरगुती कचरा विलगीकरणाची जनजागृती आणि डिजिटल साधने : सोलापूर शहराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश :

घरातील ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करणे ही नागरी घनकचरा व्यवस्थापनाची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी होय. स्वच्छ भारत अभियानाच्या प्रारंभानंतर या विषयाच्या जनजागृतीसाठी मोबाइल ॲप, ई-शपथ, घंटागाडीवरील ध्वनिफिती व समाजमाध्यमे या डिजिटल साधनांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. प्रस्तुत लेखात या साधनांची रचना आणि त्यांचा आशय यांची सोलापूर शहराच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. ही साधने नागरिकाला प्रामुख्याने तक्रारदाराच्या भूमिकेत पाहतात. घरात प्रत्यक्ष कचरा हाताळणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, त्यांत फारसे स्थान नाही. तसेच वेगळ्या केलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते, याची माहिती ती नागरिकांपर्यंत परत आणत नाहीत. त्यामुळे जनजागृतीची आकडेवारी वाढते, परंतु विलगीकरणाची सवय त्या प्रमाणात रुजेल याची खात्री देता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : घरगुती कचरा, विलगीकरण, जनजागृती, डिजिटल साधने, घंटागाडी, सोलापूर.

१. प्रस्तावना :

आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग म्हणून ओळखले जाते. शासन आणि नागरिक यांच्यातील बहुतेक व्यवहार आता मोबाइल संचाच्या माध्यमातून होऊ लागले आहेत. घनकचरा व्यवस्थापनाचे क्षेत्रही त्याला अपवाद नाही. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेले स्वच्छ भारत अभियान, २०१६ पासून घेतले जाणारे स्वच्छ सर्वेक्षण आणि २५ जून २०१५ रोजी सुरू होऊन ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झालेले स्मार्ट सिटी अभियान या तिन्ही उपक्रमांनी नागरी स्वच्छता व तंत्रज्ञान यांची सांगड घातली. २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत सोलापूरचा नववा क्रमांक होता. त्यामुळे या शहराच्या संदर्भात डिजिटल जनजागृतीचा विचार करणे औचित्यपूर्ण ठरते.

'जनजागृती' हा शब्द प्रशासकीय अहवालांत फार सैलपणे वापरला जातो. फलक लावला, संदेश पाठविला, ॲप उतरवून घेण्याचे आवाहन केले की जनजागृती झाली, असे गृहीत धरले जाते. वास्तविक माहिती मिळणे, तिचे महत्त्व पटणे आणि त्यानुसार रोज कृती करणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. एव्हरेट रॉजर्स यांनी 'डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स' (१९६२) या ग्रंथात नव्या गोष्टीच्या स्वीकाराचा विचार मांडला. त्यांच्या पुढील मांडणीनुसार या प्रक्रियेचे ज्ञान, मनवळवणी, निर्णय, अंमल आणि पुष्टी असे पाच टप्पे आहेत. पाचवा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. आपण केलेल्या कृतीचा उपयोग झाला, अशी खात्री मिळाली नाही तर स्वीकारलेली गोष्टही माणूस सोडून देतो. घरगुती कचऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा निर्णायक आहे. घरात दोन डब्यांत वेगळा ठेवलेला कचरा गाडीत एकत्र ओतला जातो असे एकदा दिसले, की पुढील अनेक संदेशांचा प्रभाव नाहीसा होतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) घरगुती कचरा विलगीकरणाची कायदेशीर व तांत्रिक गरज स्पष्ट करणे.
(२) प्रचलित डिजिटल साधनांची रचना व आशय यांची चिकित्सा करणे.
(३) सोलापूरच्या भाषिक व सामाजिक वास्तवाच्या कसोटीवर ही साधने तपासणे.
(४) महाविद्यालयांच्या पातळीवर करता येण्याजोग्या उपाययोजना सुचविणे.

अभ्यासासाठी विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय नियम, अभियानांची रचना व उपलब्ध दुय्यम माहिती यांचा आधार घेतला आहे.

३. विलगीकरण : कायदा आणि तंत्र

भारतात नागरी घनकचऱ्याविषयी पहिले देशव्यापी नियम सन २००० मध्ये आले. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली जनहित याचिका त्यांच्या मुळाशी होती. त्या नियमांनी विलगीकरणासाठी लोकांना प्रवृत्त करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्यापुढे जाऊन प्रत्येक कचरा निर्मात्यावर थेट कर्तव्य सोपविले. कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत कचरा वेगळा करून देणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार निश्चित केले आहेत. म्हणजे सव्वीस वर्षांत नागरिकाकडून असलेली अपेक्षा क्रमाक्रमाने वाढत गेली. एका बादलीची सवय मोडून दोन बादल्यांची सवय पुरती लागण्यापूर्वीच चार प्रकारांचा नियम आला आहे.

ही अपेक्षा केवळ कायद्याच्या आग्रहातून निर्माण झालेली नाही. भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात भाजीपाल्याचे अवशेष, उरलेले अन्न, फळांच्या साली यांचा वाटा मोठा असतो. या कचऱ्यात पाण्याचे प्रमाण अधिक असल्याने तो जाळण्यास योग्य नसतो. मात्र खत किंवा जैववायू यांसाठी तो उत्तम कच्चा माल ठरतो. जैववायू निर्मितीत प्राणवायूविरहित बंदिस्त टाकीत सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात आणि मिथेन वायू तयार होतो. अशा कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, काच, वाळू, चिंध्या मिसळल्या की यंत्रसामग्रीत अडथळे येतात. बॅटरी किंवा ट्यूबलाइटचे तुकडे मिसळल्यास जड धातू खतात उतरतात आणि ते खत शेतात टाकण्यायोग्य राहत नाही. उलट बाजूने पाहता, आमटी-भाताने माखलेला कागद किंवा पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही. याचा अर्थ, मिश्र कचऱ्यात ओला व सुका या दोन्हींचे मूल्य एकाच वेळी नष्ट होते. वेगळा न केलेला कचरा शेवटी डेपोवर साचतो, तेथे त्यातून मिथेन बाहेर पडतो आणि उन्हाळ्यात आगी लागतात. त्या धुराचा त्रास डेपोशेजारच्या वस्तीला आणि तेथे कचरा वेचणाऱ्या माणसांना होतो.

४. सोलापूर : पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ इतकी होती. चादर, टॉवेल, यंत्रमाग आणि विडी उद्योग यांवर वाढलेल्या या शहरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या भाषा घराघरांत बोलल्या जातात. पद्मशाली विणकर समाजाच्या तेलुगूभाषक वस्त्या, कर्नाटक सीमेमुळे असलेला कन्नडभाषक वर्ग आणि मोठा उर्दूभाषक समाज यांमुळे सोलापूर हे खऱ्या अर्थाने बहुभाषिक शहर आहे.

कचऱ्याच्या दृष्टीने सोलापूरचे आणखी एक वैशिष्ट्य नमूद करणे आवश्यक आहे. तुळजापूर रस्त्यावर सोलापूर बायोएनर्जी सिस्टिम्स या कंपनीचा दररोज ४०० टन घनकचऱ्यावर प्रक्रिया करून ३ मेगावॅट वीज निर्माण करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. नागरी घनकचऱ्यावर जैविक पद्धतीने प्रक्रिया करून वीज व खत निर्माण करण्याचे असे मोठे प्रकल्प देशात फार थोड्या शहरांत झाले. येथे महत्त्वाचा मुद्दा असा की, 'ओला कचरा वेगळा द्या, त्यापासून वीज व खत होते' हे वाक्य इतर अनेक शहरांत केवळ सुविचार ठरते. सोलापुरात मात्र ते एका विशिष्ट ठिकाणाकडे बोट दाखवून सांगता येण्यासारखे होते. जनजागृतीचा एवढा ठोस आधार हाताशी असताना प्रचार मात्र देशभर एकाच साच्याचा राहिला.

घराघरांतील कचऱ्याचे स्वरूपही शहरागणिक वेगळे असते. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. तेंदूपत्ता भिजवून पत्र्याच्या मापाने कापताना निघणारी कात्रणे आणि तंबाखूची भुकटी हा त्या घरांतील रोजचा कचरा आहे. माग असलेल्या घरांत धाग्यांचे तुकडे व कापसाची पिंज निघते. तेंदूपत्ता कुजणारा आहे म्हणून तो ओल्यात टाकावा, की तंबाखू मिसळली असल्याने वेगळा ठेवावा? सुती धागा आणि कृत्रिम धागा यांत भेद करावा का? केळीची साल व पाण्याची बाटली दाखविणाऱ्या चित्रफितीत या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ज्या कचऱ्याविषयी शंका आहे त्याचा उल्लेखच नसेल तर तो संदेश आपल्यासाठी नाही, असे त्या घरातील व्यक्तीला वाटले तर नवल नाही.

५. प्रचलित डिजिटल साधनांची चिकित्सा

५.१ तक्रार ॲप : केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१६ मध्ये 'स्वच्छता' हे ॲप देशातील शहरांसाठी उपलब्ध केले. नागरिकाने अस्वच्छ जागेचे छायाचित्र काढावे, स्थळाच्या नोंदीसह ते पाठवावे, संबंधित स्वच्छता निरीक्षकाने दखल घ्यावी आणि निवारण झाल्यावर नागरिकाने अभिप्राय द्यावा, अशी त्याची कार्यपद्धती आहे. या ॲपचे गुण मान्य केले पाहिजेत. पूर्वी तक्रार करण्यासाठी विभागीय कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागत. तक्रारीची पोच मिळेलच याची शाश्वती नसे. ॲपमुळे तक्रारीला दिनांक, ठिकाण व पुरावा प्राप्त झाला. प्रशासनाचे उत्तरदायित्व वाढविणारे साधन म्हणून त्याचे महत्त्व निश्चित आहे.

परंतु जनजागृतीचे साधन म्हणून विचार केल्यास वेगळे चित्र दिसते. ॲपमधील तक्रारींचे मूळ प्रकार पाहावेत : मृत जनावर, न रिकामी केलेली कचराकुंडी, कचऱ्याचा ढीग, न आलेली कचरागाडी, न झालेली झाडलोट आणि सार्वजनिक शौचालयांतील स्वच्छता, तुंबणे, पाणी व वीज यांविषयीच्या अडचणी. हे सर्व प्रकार उंबरठ्याच्या बाहेरचे आहेत. त्यांत दोष नेहमी दुसऱ्याचा असतो. कचऱ्याचा ढीग कोणी केला, हा प्रश्न ॲप विचारत नाही. तो कोणी उचलला नाही, एवढेच विचारते. घरातून मिश्र कचरा देणारी व्यक्ती त्याच दिवशी कोपऱ्यावरील ढिगाचे छायाचित्र पाठवून जागरूक नागरिक ठरू शकते. साधनाची अशी रचना नागरिकाच्या मनात 'कचरा ही महापालिकेची समस्या आहे' हीच जुनी समजूत नव्याने दृढ करते.

५.२ गुणांकनाचा प्रभाव : स्वच्छ सर्वेक्षणाने शहरांमध्ये स्पर्धा निर्माण केली. २०१७ च्या सर्वेक्षणात एकूण २००० गुणांपैकी ६०० गुण नागरिकांच्या प्रतिसादासाठी होते; २०१८ मध्ये ४००० पैकी १४०० गुण या घटकाला देण्यात आले. ॲपचा वापर हाही गुणांकनाचा भाग होता. या पद्धतीमुळे नागरिकांचे मत विचारात घेतले गेले, हे स्वागतार्ह आहे. मात्र ज्या गोष्टीला गुण असतात ती गोष्ट वाढते, हा परीक्षापद्धतीत अध्यापकांना नित्य येणारा अनुभव येथेही लागू पडतो. ॲप किती जणांनी उतरवून घेतले ही संख्या वाढविणे सोपे आहे. घरटी विलगीकरण वाढविणे अवघड आहे. साधन आणि साध्य यांची अशी अदलाबदल झाली की कर्मचारी, विद्यार्थी व शिक्षक यांना ॲप घ्यायला लावणे हीच मोहीम बनते आणि सर्वेक्षण संपताच ते काढून टाकले जाण्याची शक्यता राहते.

५.३ ई-शपथ : महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. पृथ्वी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचमहाभूतांच्या संकल्पनेवर आधारित या अभियानात ई-शपथेचा समावेश आहे. पंचमहाभूतांची कल्पना मराठी मनाला परिचित असल्याने तिची योजना समर्पक आहे. परंतु शपथ ही समाजासमोर घ्यावयाची गोष्ट असते. तिचे बळ साक्षीदारांमध्ये असते. एका कळीवर बोट ठेवून घेतलेल्या आणि प्रमाणपत्रावर संपणाऱ्या शपथेचा साक्षीदार कोण, तिचे पालन झाले का हे कोण पाहणार, या प्रश्नांची उत्तरे या साधनात नाहीत. सोसायटीच्या आवारात किंवा वाड्याच्या चौकात शेजाऱ्यांसमोर झालेला साधा ठराव अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता आहे.

५.४ घंटागाडीवरील ध्वनिफीत : नाशिकमध्ये १९९० च्या दशकात रूढ झालेली 'घंटागाडी' पुढे महाराष्ट्रभर पसरली. घंटा हा संकेत भाषेच्या पलीकडचा होता. तो निरक्षरालाही कळत असे आणि त्याचा अर्थ एकच होता : गाडी आली आहे, कचरा आणा. आता अनेक शहरांत घंटेची जागा ध्वनिक्षेपकावरील मुद्रित गाण्यांनी घेतली आहे. पैकी काही गाणी हिंदीत असून ती लोकप्रियही झाली. त्यांनी गाडी आल्याची सूचना उत्तम प्रकारे दिली. पण तीच ध्वनिफीत रोज वाजू लागली की तिचा आशय कानाआड होतो आणि शेवटी ती पुन्हा घंटाच बनते. याच ध्वनिक्षेपकावरून 'आज जुनी औषधे व बॅटऱ्या घेतल्या जातील' अशी वाराप्रमाणे बदलणारी स्थानिक सूचना तेलुगूत, कन्नडमध्ये वा उर्दूत देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. दारापर्यंत रोज पोहोचणारे हे एकमेव साधन आहे आणि आशयाच्या दृष्टीने त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे.

५.५ पाळत ठेवणारी साधने : डिजिटल साधनांचा आणखी एक प्रकार कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवणारा आहे. गाड्यांवरील जीपीएस यंत्रणा आवश्यक मानता येईल. परंतु नागपूरसह काही शहरांत सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर त्यांचे स्थान नोंदविणारी घड्याळे बांधण्यात आली आणि त्यावर कर्मचाऱ्यांकडून आक्षेप घेतले गेले. येथे एक विषमता स्पष्ट दिसते. कचरा गोळा करणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते. कचरा निर्माण करणाऱ्याकडून तो कोणत्या स्थितीत दिला गेला, याची तेवढी काटेकोर नोंद होत नाही. ज्या श्रमिकाला मिश्र कचऱ्यातील फुटकी काच, सुया आणि उघडे सॅनिटरी पॅड हाताळावे लागतात, त्याच्याकडे सर्वांत मोलाची माहिती असते. कोणत्या गल्लीत विलगीकरण होते व कोणत्या गल्लीत होत नाही, हे त्याला रोज दिसते. ही माहिती वर पाठविण्याची सोय मात्र या साधनांत क्वचितच आढळते.

६. कोणाच्या हातात फोन, कोणाच्या हातात डबा?

जनजागृतीच्या साधनाचा लाभार्थी कोण, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बहुसंख्य घरांत स्वयंपाक, झाडलोट आणि कचरा या कामांचा भार स्त्रियांवर आहे. कचरा वेगळा होतो तो भाजी चिरताना, दूध तापविताना पिशवी धुताना, लहान मुलाचा डायपर बदलताना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३३ टक्के स्त्रियांनीच कधीतरी इंटरनेट वापरल्याचे आढळले; पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. त्यानंतर वापर वाढला असला तरी घरातील एकच स्मार्टफोन दिवसभर पतीबरोबर किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाबरोबर असणे ही श्रमिक वस्त्यांतील परिचित स्थिती आहे. ॲपवरील संदेश ज्याच्या हातात पोहोचतो तो कचरा वेगळा करीत नाही, आणि जी कचरा वेगळा करते तिच्यापर्यंत तो पोहोचत नाही, अशी विसंगती त्यातून निर्माण होते.

यावर 'स्त्रियांनाही ॲप शिकवावे' हा उपाय सुचविला जातो. तो अपुरा आहे, कारण त्यामुळे कचऱ्याची संपूर्ण जबाबदारी पुन्हा स्त्रीवरच येते. ज्याच्या हातात फोन आहे त्या पुरुषाने व तरुणाने घरातील डब्याकडे वळावे, असा आशय डिजिटल प्रचारात अभावानेच आढळतो. प्रचाराच्या चित्रांत डबा हाती घेतलेली व्यक्ती बहुधा साडीतील गृहिणी असते. जनजागृतीने प्रस्थापित श्रमविभागणीचाच पुनरुच्चार करावा, ही बाब विचारार्ह आहे. सॅनिटरी कचऱ्याच्या बाबतीत तर मौन अधिक गडद आहे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून स्वतंत्र द्यावे, ही सूचना घरात सर्वांसमोर वाजणाऱ्या ध्वनिफितीत देण्याचा संकोच केला जातो. परिणामी त्याचा भार अखेरीस सफाई कामगारावर पडतो.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. सोलापुरात मराठी समजत नाही असे लोक कमी असतील. परंतु व्यवहारापुरती भाषा समजणे आणि सवय बदलण्याइतका त्या भाषेतील शब्द आपला वाटणे यांत अंतर आहे. 'विलगीकरण', 'अविघटनशील', 'घरगुती घातक कचरा' असे शब्द मराठी भाषकांच्याही स्वयंपाकघरात नाहीत. मराठीत 'उकिरडा' हा शब्द होता. शेतकरी घराचा उकिरडा हा खताचा साठा होता. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण त्याच अनुभवातून आली. चिंध्यांची गोधडी होत असे, राखेने भांडी घासली जात. टाकाऊ वस्तूला पुढचा मुक्काम असतो, हे ज्ञान दोन पिढ्यांपूर्वीच्या घरांत होते. मात्र प्लास्टिक, थर्माकोल आणि बॅटरी यांना तो मुक्काम नव्हता आणि जुन्या सवयीने त्यांनाही उकिरड्यावर टाकले गेले. म्हणून आजची जनजागृती शून्यापासून सुरू करण्याची गरज नाही. जुन्या जाणिवेला नव्या वस्तूंचे ज्ञान जोडण्याची गरज आहे.

७. संवादाची परंपरा आणि पुण्याचा अनुभव

महाराष्ट्राला स्वच्छतेच्या जनजागृतीची स्वतःची परंपरा आहे. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात आले की प्रथम हातातील खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत व त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेत. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे त्यांच्या कार्याचे एक प्रमुख क्षेत्र होते. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. या परंपरेतील दोन तत्त्वे डिजिटल साधनांच्या मूल्यमापनास उपयोगी आहेत. पहिले, सांगणाऱ्याची कृती ऐकणाऱ्याला दिसत होती. दुसरे, संवाद दुतर्फा होता. आजच्या साधनांत महापालिकेची कृती, म्हणजे वेगळ्या कचऱ्याचा पुढील प्रवास, नागरिकाला दिसत नाही आणि नागरिकाची शंका वर पोहोचत नाही.

पुण्यातील अनुभव याच मुद्द्याला पुष्टी देतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या प्रयत्नांतून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून तिने पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदारी कचरा संकलन केले. येथे जनजागृतीचे मुख्य साधन म्हणजे दारात रोज येणारी कचरावेचक स्त्री होय. कचरा मिश्र असेल तर ती त्याच क्षणी सांगते, आणि सुक्या कचऱ्यातून तिला उत्पन्न मिळत असल्याने तिचे सांगणे औपचारिक नसते. ज्ञान ते पुष्टी हे पाचही टप्पे त्या एका ओळखीच्या नात्यात पूर्ण होतात. तंत्रज्ञान अशा नात्याला साहाय्य करू शकते. त्याची जागा मात्र ते घेऊ शकत नाही.

८. उपाययोजना

(१) वेळेची माहिती : सोलापूरकरांनी अनेक वर्षे काही दिवसांआड होणारा पाणीपुरवठा अनुभवला आहे. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येणार ही बातमी वस्तीत क्षणात पसरते, कारण तिच्यावर लगेच कृती करता येते. घंटागाडीची वेळ व त्या दिवशी घेतला जाणारा कचऱ्याचा प्रकार ही माहितीही याच पद्धतीने, साध्या फोनवरील ध्वनिसंदेशाद्वारे, चार भाषांत द्यावी.

(२) परतीची माहिती : प्रत्येक प्रभागातून किती कचरा वेगळा आला, किती मिश्र आला आणि त्यापासून काय झाले, हे दरमहा त्या प्रभागातील नागरिकांना कळवावे. प्रक्रिया बंद पडली असेल तर तेही सांगावे. अप्रिय माहिती लपविण्यापेक्षा ती दिल्याने विश्वास वाढतो.

(३) स्थानिक आशय : तेंदूपत्ता, सूत, पिंज, तंबाखू अशा स्थानिक कचऱ्याविषयी महापालिकेने तज्ज्ञांच्या सल्ल्याने स्पष्ट सूचना तयार करून प्रसारित कराव्यात.

(४) मोजमाप : ॲप उतरवून घेतलेल्यांची संख्या किंवा शपथांची संख्या हा यशाचा निकष न मानता वेगळ्या आलेल्या कचऱ्याचे वजन हा निकष मानावा.

(५) ई-कचरा : जनजागृतीचे साधन असलेला मोबाइल संच, त्याची बॅटरी व चार्जर हे स्वतः कालांतराने घरगुती कचरा होतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. तथापि जुना फोन नेमका कोठे द्यावा हे सामान्य घराला कळले पाहिजे.

(६) महाविद्यालयांची भूमिका : एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर पर्यावरण शिक्षण पदवी अभ्यासक्रमात आले आणि प्रकल्पकार्य हा त्याचा भाग बनला. हे प्रकल्प अनेकदा इंटरनेटवरील मजकूर उतरवून पूर्ण केले जातात, ही वस्तुस्थिती अध्यापकांना अपरिचित नाही. याऐवजी महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एक गल्ली निवडून तेथील शंभर घरांचा वर्षभर अभ्यास करावा. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तीच घरे पुढे न्यावीत. तेलुगू, कन्नड, उर्दू मातृभाषा असलेले विद्यार्थी सोलापूरच्या वर्गांत बसलेले आहेत. स्थानिक ध्वनिसंदेश तयार करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एक दिवसाच्या स्वच्छता फेरीपेक्षा असा सातत्यपूर्ण उपक्रम शैक्षणिक व सामाजिक अशा दोन्ही दृष्टींनी फलदायी ठरेल. तत्पूर्वी महाविद्यालयाच्या स्वतःच्या उपाहारगृहातील व वसतिगृहातील कचरा वेगळा होतो का, हे पाहणे अगत्याचे आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात.

१. प्रचलित डिजिटल साधनांनी तक्रार नोंदविणे सुलभ केले व प्रशासनाचे उत्तरदायित्व वाढविले. परंतु घरातील विलगीकरण हा त्यांच्या रचनेचा केंद्रबिंदू नाही.

२. गुणांकनाधारित स्पर्धेमुळे साधनाचा प्रसार हेच साध्य बनण्याचा धोका निर्माण झाला.

३. फोन हाताळणारी व्यक्ती आणि कचरा हाताळणारी व्यक्ती यांतील अंतर, तसेच शहराचे बहुभाषिक स्वरूप, यांची दखल या साधनांनी पुरेशी घेतलेली नाही.

४. वेगळ्या केलेल्या कचऱ्याच्या पुढील प्रवासाची माहिती नागरिकांपर्यंत परत येत नाही, ही सर्वांत गंभीर उणीव आहे. सोलापूरसारख्या, प्रक्रिया प्रकल्प उभारला गेलेल्या शहरात ती भरून काढणे शक्य आहे.

५. घंटागाडी व तिच्यावरील कर्मचारी हे दारापर्यंत पोहोचणारे सर्वांत प्रभावी माध्यम असून डिजिटल साधनांनी त्यांना पूरक ठरावे.

चार प्रकारांच्या विलगीकरणाचा नियम आता लागू झाला आहे. त्याच्या प्रचारासाठी नवी ॲप, नव्या चित्रफिती आणि नव्या शपथा तयार होणे स्वाभाविक आहे. त्यांची रचना करताना छायाचित्र काढणाऱ्या नागरिकाइतकाच डबा भरणाऱ्या व रिकामा करणाऱ्या हातांचा विचार झाला, तरच त्या जनजागृतीचे रूपांतर सवयीत होऊ शकेल.